दहा सेंटांच्या दुकानाचा पगारी आर्किटेक्ट

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय.

सुरुवातीला एक छोटं काम सांगतो. फोनवर मॅप उघडा आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं ग्रीन्सबरो शोधा. तिथल्या साउथ एल्म स्ट्रीटवर एक जुनी, नक्षीदार, फिकट रंगाची इमारत आहे. तिच्यावर नाव आहे 'क्रेस'. आता त्या इमारतीत क्रेस नावाचं दुकान नाही. ती कंपनी तुमच्या-माझ्या जन्माआधीच बंद पडली. तरी नाव अजून तिथेच आहे, कारण ते बोर्डवर लिहिलेलं नाही, इमारतीच्या अंगातच बसवलेलं आहे.

हे नाव मालकाचं. ज्यानं इमारत आखली त्याचं नाव तिथे कुठेही नाही. तो कंपनीचा पगारदार माणूस होता, आपल्यासारखाच सकाळी ऑफिसला जाणारा. त्याचं नाव एडवर्ड सिबर्ट. आजचा भाग त्याच्यावर आहे.

हा विषय का घेतला, तेही सांगून टाकतो. मी एका रिटेल चेनच्या इन-हाऊस टीममध्ये सॉफ्टवेअर लिहितो. मित्र आयटी कंपन्यांत आहेत, काहींचे स्टार्टअप आहेत. मी मात्र 'दुकानाचा प्रोग्रामर'. घरच्या लग्नकार्यात कुणी विचारलं, "काय करतोस?", की मी कंपनीचं नाव सांगतो, आणि समोरचा विचारतो, "म्हणजे काउंटरवर असतोस का?" त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी दुकानाच्या चेनमध्ये नोकरी करणारा एक आर्किटेक्ट सापडला, तेव्हा साहजिकच मी त्याच्या मागे लागलो.

आधी मालकाबद्दल. सॅम्युअल क्रेसचा जन्म १८६३ चा, पेनसिल्व्हेनियातला. आधी शाळामास्तर. साठवलेल्या पैशांतून त्यानं १८८७ मध्ये नँटिकोक नावाच्या गावात स्टेशनरीचं एक छोटं दुकान घेतलं. मग १८९६ मध्ये दक्षिणेकडच्या मेम्फिस शहरात त्याचं पहिलं 'क्रेस' दुकान उघडलं. प्रकार कसला? आपल्याकडे जत्रेत 'हर माल दस रुपये' असतं ना, तसला. अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला निकेल आणि दहा सेंटच्या नाण्याला डाइम म्हणतात, म्हणून अशा दुकानांचं नावच पडलं 'फाइव्ह अँड डाइम'. सुया, बटणं, कपबश्या, कुलपं, हातमोजे, खेळणी, चॉकलेट, सगळं ठरलेल्या स्वस्त किमतीत. क्रेसच्या दुकानांवर ५-१०-२५ सेंट असे आकडेच लिहिलेले असायचे. पुढे अमेरिकाभर त्याची दोनशेच्या वर दुकानं झाली.

या धंद्यातला मोठा खेळाडू होता वूलवर्थ. वूलवर्थनं १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्या वेळची जगातली सगळ्यात उंच इमारत बांधली आणि त्यासाठी बाहेरचा नामांकित आर्किटेक्ट, कॅस गिल्बर्ट, नेमला. क्रेसचा विचार वेगळा होता. एका शहरात एक मनोरा उभारण्यापेक्षा प्रत्येक गावाच्या मुख्य रस्त्यावर एक देखणी इमारत हवी. ज्या गावात कोर्ट आणि बँक सोडली तर बघण्यासारखं काहीच नाही, तिथेसुद्धा.

हे करायचं तर दर वेळी बाहेरचा आर्किटेक्ट परवडत नाही. फी जाते, वेळ जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधीच्या दुकानात शिकलेलं पुढच्या दुकानात वापरलं जात नाही. काउंटर किती उंच हवा, गोदामातून माल खाली कसा यावा, गर्दीच्या वेळी दारात अडकायला कुठे होतं, हे सगळं नव्या माणसाला पहिल्यापासून शिकवावं लागतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच क्रेसनं स्वतःचा आर्किटेक्चर विभाग ठेवला होता. त्यात आधी सेमूर बर्रेल, नंतर ई. जे. टी. हॉफमन अशी मंडळी होऊन गेली. त्यांच्यानंतर, १९२९ मध्ये, सिबर्ट आला.

सिबर्टचा जन्म १८९९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. आधी प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनिअरिंगचं शिक्षण, मग कॉर्नेल विद्यापीठातून १९२२ मध्ये आर्किटेक्चरची पदवी. म्हणजे आधी इंजिनिअर, मग आर्किटेक्ट. क्रेसमध्ये आला तेव्हा वय तिशीचं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, एवढंच.

आणि १९२९ हे साल तर तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. बांधकामं थांबली. स्वतःचं ऑफिस चालवणाऱ्या आर्किटेक्टांकडे कामच उरलं नाही. पण मंदीत लोक स्वस्त दुकानाकडे जास्त वळतात. क्रेसला गिऱ्हाईक होतं, मजूर आणि सामान स्वस्त झालं होतं, आणि कंपनी बांधतच राहिली. बाहेर नावाजलेले लोक रिकामे बसलेले असताना या पगारी माणसाच्या टेबलावर एकामागून एक गावं येत होती. सिबर्टनं क्रेससाठी पन्नासहून जास्त दुकानं आखली. त्या काळात एकट्याच्या नावानं काम करणाऱ्या किती जणांना एवढ्या इमारती बांधायला मिळाल्या असतील?

आता तो नेमकं काय करायचा ते बघू, कारण मला सगळ्यात जास्त मजा इथे आली.

त्याचं मुख्य साहित्य होतं टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती, वर रंगीत झिलई चढवलेली. दगडात नक्षी कोरायची तर प्रत्येक फूल कारागिराला नव्यानं कोरावं लागतं. टेराकोटात एकदा साचा केला की तेच फूल हवं तितक्या वेळा काढता येतं. वजनाला हलकं, आगीला टिकणारं, आणि झिलईमुळे पाण्यानं धुतलं की स्वच्छ. गावोगावी इमारती उभ्या करणाऱ्या कंपनीला आणखी काय पाहिजे? खर्च एकदा, वापर अनेकदा. मी रोज कॉम्पोनंट लायब्ररीत हेच करतो. फक्त माझं बटण दोन वर्षांत जुनं होतं आणि त्याचं फूल नव्वद वर्षं झाली तरी भिंतीवर आहे.

पण त्यानं सगळीकडे एकच शिक्का मारला नाही. वर सोन्यासारखी चमकणारी 'क्रेस' अक्षरं, खाली काच, मध्ये फिकट विटा आणि रंगीत टेराकोटा, हा सांगाडा साधारण ठरलेला. त्यात गावाप्रमाणे बदल. मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोत १९३८ चं दुकान बघा, त्याला स्पॅनिश आणि मूरिश वळण आहे. पार पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवर, हिलो गावात, १९३२ चं दुकान आहे. कुटुंब तेच, पण प्रत्येक भावंडाचा चेहरा वेगळा. आणि शैली? त्या काळची नवी फॅशन, आर्ट डेको. मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या इमारती किंवा इरॉस थिएटर डोळ्यासमोर आणा, साधारण त्याच जमान्यातली ती भाषा.

खालची काचही नीट बघा. दुकानाचं दार तो रस्त्याला चिकटून ठेवत नव्हता, थोडं आत घ्यायचा. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजूंना वळणाऱ्या काचेच्या खिडक्या आतपर्यंत जायच्या. पाऊस आला, ऊन लागलं की माणूस तिथे आडोशाला उभा राहणार. उभा राहिला की माल बघणार. बघितला की आत शिरणार. काही दुकानं तर एका रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत आरपार असायची, म्हणजे लोक शॉर्टकट म्हणूनही त्यातून जायचे. आत ब्राँझची जड दारं आणि महोगनीच्या लाकडाचे काउंटर.

इथे जरा थांबा. दहा सेंटांची कपबशी विकायला महोगनीचा काउंटर! ज्या बाईच्या पर्समध्ये मोजून दोन नाणी आहेत, तिनं ब्राँझचं दार ढकलून आत यायचं आणि उंच छताखाली उभं राहून बटणं निवडायची. बँकेत तिला कुणी बसायलाही सांगितलं नसतं. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला स्वस्तात वागवायचं नाही, ही सॅम्युअल क्रेसची समजूत होती, आणि ती विटा-मातीत उतरवायचं काम सिबर्टचं होतं. त्यामागे धंद्याचं गणित होतं हे उघड आहे. पण परिणाम खरा होता.

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम न्यूयॉर्कमध्ये, फिफ्थ अव्हेन्यू आणि ३९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, १९३५ मध्ये उघडलं. सात मजली, संगमरवरी. त्यावर प्राचीन माया संस्कृतीच्या चित्रलिपीसारखी नक्षी होती. नीट बघितलं तर त्या नक्षीत काय? हातमोजे आणि कुलपं! म्हणजे दुकानातलाच माल. मला हा माणूस तिथेच आवडला. एवढ्या श्रीमंत रस्त्यावर, एवढ्या दिमाखदार इमारतीवर, त्यानं दहा सेंटांचं कुलूप देवासारखं बसवून दिलं. त्या इमारतीला सुवर्णपदकही मिळालं.

मालकाला इटालियन चित्रांचा नाद होता. १९३८ च्या नाताळात त्यानं जॉर्जोनेचं येशूजन्माचं एक अनमोल चित्र थेट या दुकानाच्या खिडकीत ठेवलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही फुकट बघावं. पुढच्याच वर्षी त्याचा मोठा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला गेला. त्या चित्राचे सोळाव्या शतकातले बाकीचे शेजारी चर्चमध्ये आणि राजवाड्यात होते, आणि हे काही दिवस हातमोज्यांच्या दुकानात राहून आलं.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं, झकास, एपिसोड तयार आहे. 'सौंदर्य सगळ्यांसाठी' असं शीर्षकसुद्धा सुचलं होतं. मग मी ग्रीन्सबरोला परत आलो आणि ते शीर्षक खोडलं.

या दुकानांत खरेदीच्या काउंटरबरोबर आणखी एक काउंटर असायचा, लंच काउंटर. लांब टेबल, समोर उंच स्टुलांची रांग. सँडविच, कॉफी. क्रेसची बरीच दुकानं अमेरिकेच्या दक्षिण भागात होती, आणि तिथे वर्णभेदाचे कायदे आणि रिवाज होते. कृष्णवर्णीय माणसानं आत यावं, बटणं घ्यावी, पैसे द्यावे, चालेल. त्याचा डाइम गल्ल्यात जायला हरकत नव्हती. पण त्या स्टुलावर बसून कॉफी मागायची नाही.

१ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोच्या चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वूलवर्थच्या लंच काउंटरवर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही, तरी ते उठले नाहीत. हे आंदोलन त्याच रस्त्यावरच्या क्रेसमध्ये पोचलं, सिबर्टच्या त्या नक्षीदार इमारतीत. एप्रिलमध्ये तिथल्या काउंटरवर बसल्याबद्दल ४५ विद्यार्थ्यांना अटक झाली. गुन्हा काय? अतिक्रमण. ज्या दुकानात त्यांच्या आया वर्षानुवर्षं खरेदी करत होत्या, त्या दुकानातल्या स्टुलावर अतिक्रमण. शेवटी त्याच वर्षी जुलैमध्ये शहरातले ते काउंटर सगळ्यांना खुले झाले.

अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरातही क्रेसची एक जुनी इमारत आहे, डेक्स्टर अव्हेन्यूवर. याच रस्त्यावरच्या चर्चमध्ये १९५४ मध्ये मार्टिन ल्युथर किंग नावाचा एक तरुण पाद्री रुजू झाला. काही वर्षांपूर्वी त्या इमारतीचं नूतनीकरण करताना कामगारांना संगमरवराच्या दोन पाट्या सापडल्या. एकीवर कोरलंय 'व्हाइट', दुसरीवर 'कलर्ड'. पिण्याच्या पाण्याच्या दोन नळांवरच्या पाट्या. नव्या मालकांनी त्या फेकल्या नाहीत, लोकांना दिसतील अशा ठेवल्या.

आपल्याला पाण्याची ही गोष्ट कुणी वेगळी समजावून सांगायला नको. महाडचं चवदार तळं १९२७ चं आहे. मला धक्का वेगळ्या गोष्टीचा बसला. त्या पाट्या संगमरवराच्या होत्या. कुणीतरी घाईत खडूनं लिहिलेलं नव्हतं ते. कुणीतरी अक्षरांची मापं घेतली, दगड मागवला, कोरणाऱ्याला पैसे दिले, आणि मग ते नीट, सरळ रेषेत बसवलं. दक्षिणेत दुकान बांधायचं म्हणजे हा भेद बांधकामातच धरावा लागायचा. महोगनीचा काउंटर आणि वेगळा नळ एकाच दर्जाच्या कामातून आले.

सिबर्ट वाईट माणूस होता असं मी म्हणत नाहीये. त्यानं कायदे केले नव्हते, कुणाला स्टुलावरून उठवलंही नव्हतं. १९४४ मध्ये तो कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि १९५४ मध्ये निवृत्त झाला, ग्रीन्सबरोच्या त्या फेब्रुवारीच्या सहा वर्षं आधी. पंचवीस वर्षं एकाच कंपनीत. तोपर्यंत त्याचं जगही संपत आलं होतं. लोक गाड्या घेऊन शहराबाहेर राहायला गेले, मॉल आले, मुख्य रस्ते ओस पडले. १९६४ मध्ये क्रेस कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि १९८० पासून दुकानं गुंडाळायला सुरुवात झाली. त्याच १९८० मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवरची ती हातमोज्या-कुलपांची इमारत पाडली गेली. सिबर्ट १९८२ मध्ये फ्लोरिडात वारला. म्हणजे आपलं सगळ्यात चांगलं काम पाडलं गेलं, तेव्हा तो जिवंत होता.

आता माझी गोष्ट. दोन मिनिटांत सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टिकेट आलं होतं. एका एक्सेल फाइलमध्ये शहरांतल्या काही एरियांची यादी. या एरियांत 'कॅश ऑन डिलिव्हरी' बंद करायची. मी ते काम छान केलं. यादी बदलता येईल अशी सोय केली, टेस्ट लिहिल्या, कोड रिव्ह्यूमध्ये सीनियरनं अंगठा दिला. मी त्या संध्याकाळी खूश होतो.

मग दिवाळीत सोलापूरला आत्याकडे गेलो. आत्या म्हणाली, "अरे, तुझ्या कंपनीचं ॲप आमच्याकडे आधी पैसे भरा म्हणतंय. पलीकडच्या कॉलनीत मात्र दारात पैसे घेतात. आमचे पैसे काय खोटे आहेत का रे?"

मी म्हटलं, "सिस्टीमचा प्रॉब्लेम असेल आत्या, बघतो." सिस्टीमचा प्रॉब्लेम नव्हता. सिस्टीम उत्तम चालत होती. ती मीच लिहिली होती. आत्या ज्या वस्तीत राहते ती यादीत होती आणि कॉलनी नव्हती. मधे फक्त एक रस्ता आहे.

माझी यादी आणि तिथले नळ एकच, असं मी अजिबात म्हणणार नाही. तो अन्याय पिढ्यान् पिढ्यांचा होता, त्यात माणसं मेली. पण पगारी कारागीर रेघ कशी ओढतो, ते मला माझ्याच टेबलावर दिसलं. कुणी ओरडून सांगत नाही, कुणी धमकी देत नाही. एक कागद येतो, त्यावर मापं असतात, आणि आपण ती अचूक उतरवतो. चांगलं काम करायची सवय असते ना, म्हणून वाईट गोष्टसुद्धा चांगलीच करतो.

परत आल्यावर मी मॅनेजरला विचारलं, ही यादी कशावरून केली? उत्तर आलं, "बिझनेस डिसिजन." मी नोकरी सोडली नाही, भाषणही दिलं नाही. फक्त त्या यादीत दोन रकाने वाढवले: 'कारण' आणि 'पुन्हा कधी तपासायचं'. कारण भरल्याशिवाय एरिया यादीत टाकता येत नाही. पहिल्या तपासणीत बऱ्याच एरियांपुढे कुणालाच कारण लिहिता आलं नाही, आणि ते निघाले. आत्याचा एरिया त्यात होता. काही अजून आहेत.

क्रेसच्या इमारती आज बघायच्या असतील तर बऱ्याच शिल्लक आहेत. कुठे फ्लॅट झालेत, कुठे ऑफिसं, कुठे हॉटेल. कितीतरी इमारती सरकारी वारसा यादीत आहेत. कंपनीच्या आर्किटेक्चर विभागाची जुनी रेखाटनं वॉशिंग्टनच्या नॅशनल बिल्डिंग म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत, आणि १९९७ मध्ये बर्निस थॉमस यांनी या दुकानांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. आज सिबर्टचं नाव आपल्याला माहीत आहे ते अशा लोकांमुळे.

पुढे कधी त्या इमारतींचे फोटो बघितलेत तर वरची अक्षरं आणि फुलं जरूर बघा. खूप सुंदर आहेत. मग नजर खाली आणा, आणि विचार करा की या दारातून आत आलेल्या प्रत्येकाला शेवटी बसायला जागा मिळत होती का.

तुम्ही कुठल्या कंपनीत, दुकानात, ऑफिसात अशी एखादी यादी बनवली असेल, किंवा तुमचं घर अशा एखाद्या यादीत असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. नाव नको असेल तर तसं सांगा, नाव घेणार नाही. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.